लिनक्स कर्नलला पहिली मेमरी कुठून मिळते? मेमब्लॉक हाताने तपासत शिकण्याची वाट

कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, काम सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात मी बूटच्या अगदी सुरुवातीला चालणाऱ्या एका फंक्शनमध्ये सवयीने केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागण्याचं नेहमीचं फंक्शन) लिहिलं. कर्नल बांधला, चालू केला आणि मशीन तिथेच थांबलं. पडद्यावर अक्षरही उमटलं नाही. पुस्तकांत बडी अलोकेटर आणि स्लॅब या मेमरी वाटणाऱ्या दोन यंत्रणांवर पानंच्या पानं असतात, पण हे दोघे उभे राहण्याआधी कर्नल मेमरी कुठून आणतो हे तिथे एखाद्या परिच्छेदात उरकलेलं असतं. ते नीट कळायला मला बरेच महिने लागले. हे काम पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तेवढे लागू नयेत, म्हणून मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं त्या क्रमाने इथे मांडतो आहे.

उदाहरण लिनक्सचं आणि एक्स८६-६४ प्रोसेसरचं घेतलं आहे, कारण ते कुणाच्याही लॅपटॉपवर करून बघता येतं. आर्मवर जिथे गोष्टी वेगळ्या आहेत तिथे तसं सांगेन. फंक्शनांची नावं आणि आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायच्या.

काय काय हवं

- लिनक्स चालणारं मशीन आणि निदान १५ ते २० जीबी मोकळी डिस्क. डीबग माहितीसह कर्नल बांधला की फाइली फुगतात.
- कर्नलचा सोर्स. ५.१६ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या, कारण पायरी ६ मध्ये येईल.
- जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन आणि एल्फ व ओपनएसएसएल यांच्या डेव्हलपमेंट लायब्ररी.
- क्यूईएमयू (आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) आणि जीडीबी (डीबगर).
- हेक्स आकडेमोड करणारा कॅल्क्युलेटर, आणि कागद-पेन. कागद खरंच लागतो. मेमरीचा नकाशा हाताने काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

१. आधी अडचण नेमकी कुठे आहे ते समजून घ्या

केमॅलॉक स्लॅबकडून मेमरी घेतो. स्लॅब पेजं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, घेतो बडी अलोकेटरकडून. बडीला प्रत्येक ४ केबीच्या पेजमागे एक नोंद लागते, तिला कर्नलमध्ये स्ट्रक्ट पेज म्हणतात. ६४-बिट कर्नलवर ही नोंद सहसा ६४ बाइटची असते.

आता हिशोब करा. १६ जीबी रॅम म्हणजे ४१,९४,३०४ पेजं. प्रत्येकाला ६४ बाइट धरले तर नुसत्या नोंदींनाच २५६ एमबी लागतात. म्हणजे मेमरी वाटणारा बडी कामाला लागण्याआधी त्याच्याचसाठी पाव जीबी कुणीतरी शोधून द्यायला हवी. हा ‘कुणीतरी’ म्हणजे मेमब्लॉक.

याआधी हे काम बूटमेम नावाचा अलोकेटर करायचा. प्रत्येक पेजला एक बिट, असा त्याचा नकाशा होता. पण तो बिटमॅप ठेवायलाही जागा लागायची, आणि ती त्याच्याही आधी शोधावी लागायची. मेमब्लॉक मुळात पॉवरपीसीच्या कोडमधून आला. तिथे त्याला एलएमबी म्हणत. २०१० मध्ये त्याचं नाव बदललं आणि तो इतर आर्किटेक्चरांवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) पसरला. माइक रॅपोपोर्ट यांच्या पॅचेसनी २०१८ च्या ४.२० आवृत्तीत बूटमेम पूर्णपणे काढून टाकला. त्यामुळे जुन्या लेखांत किंवा कॉलेजच्या नोट्समध्ये ‘अलॉक_बूटमेम’ दिसलं तर ती माहिती आजच्या कर्नलला लागू नाही असं समजा.

२. कर्नल बांधा आणि त्याला बोलतं करा

सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘मेक डेफकॉन्फिग’ चालवा, मेन्यूकॉन्फिगमध्ये जाऊन डीबग माहिती चालू करा, मग ‘मेक’. तयार होणारी बीझेडइमेज फाइल क्यूईएमयूला कर्नल म्हणून द्या, मेमरी ५१२ एमबी ठेवा आणि नोग्राफिक हा पर्याय लावा. कर्नलच्या कमांडलाइनमध्ये चार गोष्टी लिहा:

- कन्सोल म्हणून टीटीवायएस०, म्हणजे सगळे संदेश सिरियल पोर्टवरून तुमच्या टर्मिनलमध्ये येतील.
- अर्लीप्रिंटके=सिरियल. नेहमीचा कन्सोल उभा राहण्याआधीचे संदेश यामुळे दिसतात. माझ्या त्या पहिल्या काळ्या पडद्यावर हे लावलेलं असतं तर दोन दिवस वाचले असते.
- मेमब्लॉक=डीबग.
- नोकेएएसएलआर, म्हणजे कर्नल प्रत्येक वेळी वेगळ्या ॲड्रेसवर बसणार नाही आणि दोन बूटची तुलना करता येईल.

रूट फाइलसिस्टिम दिलेली नसल्यामुळे शेवटी ती माउंट करता येत नाही असं सांगत कर्नल पॅनिक होईल, म्हणजे तिथेच थांबेल. होऊ द्या. आपल्याला हवं ते सगळं त्याच्या कितीतरी आधी घडून गेलेलं असतं. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स दाबा.

इथे एक खाच आहे. मेमब्लॉक=डीबग हा पर्याय कर्नल स्वतःच वाचतो, आणि तो वाचून होईपर्यंत काही आरक्षणं आधीच झालेली असतात. त्यामुळे सगळ्यात पहिल्या काही नोंदींचे संदेश लॉगमध्ये येत नाहीत. ते शोधत बसू नका. थोड्या वेळाने कर्नल ‘मेमब्लॉक कॉन्फिगरेशन’ या मथळ्याखाली पूर्ण यादी छापतो, तिच्यात त्या नोंदी असतात.

३. फर्मवेअरने दिलेला नकाशा वाचा

आपल्याकडे किती रॅम आहे आणि ती कुठे आहे हे कर्नलला स्वतःहून कळत नाही. बायोस असलेल्या पीसीवर हे ई८२० नावाच्या यादीतून कळतं, यूईएफआय असेल तर फर्मवेअरच्या मेमरी मॅपमधून, आणि आर्म बोर्डवर सहसा डिव्हाइस ट्रीमधून (हार्डवेअरचं वर्णन असलेली फाइल).

लॉगच्या वरच्या भागात ‘बायोस-प्रोव्हायडेड फिजिकल रॅम मॅप’ अशी ओळ शोधा. तिच्याखालच्या ओळी कागदावर उतरवून घ्या. क्यूईएमयूच्या ५१२ एमबीच्या मशीनवर साधारण असं दिसतं:

- शून्यापासून ६३९ केबीपर्यंत: वापरण्याजोगी.
- पुढची १ केबी: राखीव. बायोस इथे स्वतःची माहिती ठेवतो.
- ९६० केबी ते १ एमबी: राखीव, बायोसचा कोड.
- १ एमबीपासून, ५१२ एमबीला १२८ केबी कमी असेपर्यंत: वापरण्याजोगी.
- शेवटची १२८ केबी: राखीव.
- ४ जीबीच्या अगदी खाली २५६ केबी: राखीव. ही रॅम नाही, तिथे फर्मवेअरची रॉम दिसते.

६४० ते ९६० केबीचा पट्टा यादीतच नाही, हे लक्षात आलं का? जुन्या पीसीपासून ती जागा व्हीजीए आणि विस्तार कार्डांच्या रॉमसाठी सोडलेली आहे. यादीत ज्याचा उल्लेख नाही ते रॅम नाही, असंच कर्नल धरतो.

इथे दोन चुका सगळेच करतात. पहिली: ओळीत छापलेला शेवटचा ॲड्रेस त्या पट्ट्यात धरलेला असतो. आकार काढताना वजाबाकी करून एक मिळवला नाही तर प्रत्येक हिशोब एका बाइटने चुकतो, आणि पेजच्या हद्दीवर तो एक बाइट म्हणजे अख्खं पेज. दुसरी: चालू मशीनवर प्रॉक या फोल्डरमधली आयओमेम फाइल साध्या युजरने वाचली तर सगळे ॲड्रेस शून्य दिसतात. फाइलमध्ये बिघाड नाही, सुरक्षेसाठी ते लपवलेले असतात. रूट होऊन वाचा.

४. दोन याद्या, आणि त्यांची वजाबाकी

मेमब्लॉकचा गाभा इतका साधा आहे की पहिल्यांदा कळल्यावर मला विश्वास बसला नव्हता. दोन ॲरे आहेत. एकाचं नाव मेमरी, दुसऱ्याचं रिझर्व्ह्ड. प्रत्येक नोंदीत सुरुवातीचा ॲड्रेस, लांबी, काही फ्लॅग आणि न्यूमा नोड (ती मेमरी कुठल्या प्रोसेसरगटाजवळ आहे ते), एवढंच.

सातबारा पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. मेमरी यादी म्हणजे गावात एकूण किती जमीन आहे त्याची नोंद. रिझर्व्ह्ड यादी म्हणजे त्यातल्या कुठल्या तुकड्यावर कुणाचा हक्क किंवा बोजा आहे त्याची नोंद. जे पहिलीत आहे पण दुसरीत नाही, तेच मोकळं. मोकळ्या जागेची वेगळी यादी कुठेच नाही. कुणी मेमरी मागितली की मेमब्लॉक दोन्ही याद्या एकत्र चाळतो, पुरेसा मोठा मोकळा तुकडा शोधतो आणि तो रिझर्व्ह्डमध्ये लिहून टाकतो. या ‘लिहून टाकण्या’लाच अलोकेशन म्हणायचं.

त्यातून पुढच्या गोष्टी आपोआप निघतात. मेमब्लॉक_ॲड म्हणजे पहिल्या यादीत नोंद. मेमब्लॉक_रिझर्व्ह म्हणजे दुसऱ्या यादीत नोंद. मेमब्लॉक_रिमूव्ह म्हणजे पहिल्या यादीतून खोडणं, जणू ती जमीन गावात नव्हतीच. रिझर्व्ह आणि रिमूव्ह यांतला हा फरक पायरी ८ मध्ये आकड्यांत दिसेल, तोवर लक्षात ठेवा.

या याद्या ठेवायला मेमरी कुठून आली? त्या कर्नलच्या इमेजमध्येच आधीपासून असतात, सुरुवातीला प्रत्येकी १२८ नोंदींच्या. शेजारच्या नोंदींचे फ्लॅग आणि नोड सारखे असतील तर त्या जोडून एक केली जाते, त्यामुळे १२८ बहुतेक वेळा पुरतात. नाही पुरल्या तर मेमब्लॉक स्वतःकडूनच जागा घेऊन ॲरे दुप्पट करतो. मात्र ती परवानगी आर्किटेक्चरचा कोड योग्य वेळ आल्यावरच देतो.

मेमब्लॉक सहसा वरून खाली वाटप करतो, म्हणजे मोठ्या ॲड्रेसकडून. खालची मेमरी जुन्या डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वापरणाऱ्या) उपकरणांसाठी मोलाची असते, ती शक्यतो वाचवलेली बरी.

५. आधी राखून ठेवा, मग वाटा

संपूर्ण लेखातली एकच पायरी वाचायला वेळ असेल तर ही वाचा.

पहिली मेमरी वाटण्याआधी, ज्या ज्या जागी आधीच काहीतरी बसलेलं आहे ते सगळं रिझर्व्ह्ड यादीत गेलेलं असलं पाहिजे: कर्नलची स्वतःची इमेज, बूटलोडरने (कर्नल रॅममध्ये आणून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) आणलेली इनिटआरडी (बूटपुरती तात्पुरती फाइलसिस्टिम), डिव्हाइस ट्री किंवा फर्मवेअरच्या तक्त्यांची जागा, बूटलोडरने मागे ठेवलेली इतर माहिती. यातलं एक जरी विसरलं तरी मेमब्लॉकला ती जागा मोकळी दिसते आणि तो ती कुणालाही देऊन टाकतो. लगेच काहीच होत नाही. पुढे कधीतरी, भलत्याच ठिकाणी, कर्नल कोसळतो.

एक्स८६वर या कारणासाठी ५.१३ आवृत्तीत सगळी सुरुवातीची आरक्षणं एका फंक्शनमध्ये गोळा केली, अर्ली_रिझर्व्ह_मेमरी. ते इतक्या लवकर चालतं की तेव्हा मेमरी यादीत एकही नोंद नसते. बोजा आधी चढतो, जमीन नंतर नोंदवली जाते. मेमब्लॉकला याने काही फरक पडत नाही, कारण वजाबाकी फक्त मागणी आल्यावर होते. त्याच आवृत्तीपासून पहिली १ एमबी नेहमीच राखून ठेवली जाते, कारण त्या भागात परस्पर लिहिणारे बायोस बाजारात खरोखर आहेत.

माझ्या वाट्याला हा धडा एका आर्म बोर्डवर आला. कर्नल दर बूटला वेगळ्या ठिकाणी कोसळायचा. कधी फाइलसिस्टिममध्ये, कधी नेटवर्कच्या कोडमध्ये, कधी तासभर नीट चालून मग. मी आठवडाभर ड्रायव्हर तपासत राहिलो. शेवटी एका अनुभवी सहकाऱ्याने विचारलं, “बूटलोडर रॅममध्ये अजून काय काय ठेवतो, ते कुठे लिहिलंय का?” त्या बोर्डवर ऑडिओसाठी एक जोड-प्रोसेसर होता. त्याचं फर्मवेअर बूटलोडर रॅमच्या वरच्या टोकाला ठेवून द्यायचा आणि तो प्रोसेसर तिथे सतत लिहीत असायचा. डिव्हाइस ट्रीमध्ये त्या जागेचा उल्लेखच नव्हता. मेमब्लॉक वरून खाली वाटतो, म्हणजे नेमकी तीच जागा कर्नलने सगळ्यात आधी वापरली होती. रिझर्व्ह्ड-मेमरी या नोडखाली तीन ओळी लिहिल्या आणि बोर्ड सुतासारखं सरळ चालू लागलं.

म्हणून कोसळण्याच्या जागा दर वेळी बदलत असतील तर ड्रायव्हर उघडण्याआधी रिझर्व्ह्ड यादी छापून कागदावरच्या नकाशाशी ताडून बघा.

डिव्हाइस ट्रीमध्ये जागा राखताना ‘नो-मॅप’ लिहायचं की नाही हे विचार करून ठरवा. ते लिहिलं की कर्नल ती जागा स्वतःच्या पेज टेबलमध्येही (कोड वापरतो तो ॲड्रेस रॅममध्ये नेमका कुठे आहे याचा तक्ता) घेत नाही. दुसऱ्या प्रोसेसरच्या किंवा सुरक्षित फर्मवेअरच्या जागेसाठी हेच हवं असतं. पण तुमच्याच ड्रायव्हरला ती जागा साध्या पॉइंटरने वाचायची असेल तर तो अडकेल.

पीसीवर कमांडलाइनमधून जागा राखायची तर मेममॅप हा पर्याय आहे. आकार, मग डॉलरचं चिन्ह, मग ॲड्रेस. ग्रब या बूटलोडरच्या फाइलमध्ये लिहिताना तो डॉलर ग्रब स्वतःचं व्हेरिएबल समजून गिळतो आणि कर्नलपर्यंत भलताच मजकूर पोचतो. डॉलरच्या आधी बॅकस्लॅश लागतात. किती लागतात ते कुठल्या फाइलमध्ये लिहिता त्यावर ठरतं. बूट झाल्यावर प्रॉकमधली सीएमडीलाइन फाइल वाचून काय पोचलं ते पाहा.

६. मेमरी मागताना

आता प्रत्यक्ष मागणी. नेहमी लागणारी फंक्शनं मोजकीच आहेत. मेमब्लॉक_अलॉक आकार आणि अलाइनमेंट (सुरुवातीचा ॲड्रेस कितीच्या पटीत हवा ते) घेतं, शून्यांनी भरलेली मेमरी देतं आणि व्हर्च्युअल ॲड्रेस (कोड वापरतो तो) परत करतं. मेमब्लॉक_अलॉक_रॉ शून्य भरत नाही, तिथे आधीचा कचरा असेल असंच धरा. मेमब्लॉक_फिज_अलॉक फिजिकल ॲड्रेस (रॅममधला खरा) देतं. ठरावीक न्यूमा नोडवर हवी असेल तर नोड क्रमांक घेणारी त्यांची भावंडं आहेत.

नवख्यांच्या पॅचेसमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका:

- परत आलेला पॉइंटर न तपासणं. जागा नसेल तर नल मिळतो, आणि बूटच्या या टप्प्यावर नलवर लिहिलं तर संदेशही न छापता मशीन थांबू शकतं. ही मेमरी नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही असं असेल तर स्पष्ट संदेशासह पॅनिक करा.
- अलाइनमेंट शून्य देणं. मेमब्लॉक कॅशलाइनएवढी अलाइनमेंट धरून काम चालवतो, पण लॉगमध्ये स्टॅकचा ट्रेस ओततो.
- मोकळी करताना फंक्शनांची गल्लत. ५.१६ पासून मेमब्लॉक_फ्री व्हर्च्युअल पॉइंटर घेतं आणि मेमब्लॉक_फिज_फ्री फिजिकल ॲड्रेस. त्याआधी मेमब्लॉक_फ्रीलाच फिजिकल ॲड्रेस द्यावा लागे. जुना कोड नव्या कर्नलवर आणताना ही जागा आधी शोधा.
- उशिरा मागणं. स्लॅब उभा राहिल्यावर मेमब्लॉककडे मागितलं तर कर्नल इशारा छापतो आणि मागणी स्लॅबकडे वळवतो. चालून जातं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण तो इशारा तुमचा कोड चुकीच्या वेळी चालतो आहे असं सांगत असतो.

डीबग लॉगमध्ये प्रत्येक मागणीच्या ओळीत किती बाइट, कुठली अलाइनमेंट आणि कुणी मागितलं त्या फंक्शनचं नाव असतं. एकदा शांतपणे वाचून काढा. स्ट्रक्ट पेजचे मोठे ॲरे, प्रत्येक सीपीयूचा स्वतंत्र डेटा, डेंट्री आणि आयनोड या फाइलसिस्टिमच्या नोंदींचे हॅश टेबल, सगळे इथेच रांगेत दिसतात.

७. पेज टेबलचं कोडं

यादीत मोकळी दिसते म्हणून ती मेमरी वापरता येईलच असं नाही. प्रोसेसर पेजिंग चालू करून धावतो आहे, आणि पेज टेबलमध्ये नोंद नसलेल्या ॲड्रेसला हात लावला तर फॉल्ट येतो. पेज टेबल वाढवायला मेमरी हवी, आणि मेमरीला हात लावायला पेज टेबल हवं. आधी कोंबडी की आधी अंडं?

एक्स८६-६४ वर हे सुटतं ते फार सुंदर आहे. कर्नलच्या इमेजच्या शेवटी ब्रेक नावाचा छोटा राखीव तुकडा असतो, इमेजसोबतच मॅप झालेला. पहिली काही पेज टेबलं तिथून येतात. दरम्यान मेमब्लॉकला १ एमबीची मर्यादा घातलेली असते, त्याच्या वरचं काही द्यायचं नाही. मग इनिट_मेम_मॅपिंग हे फंक्शन रॅमच्या वरच्या टोकाजवळ २ एमबीचा एक तुकडा शोधतं आणि ब्रेकमधल्या पेज टेबलांनी तेवढाच मॅप करतं. आता हातात वापरता येण्याजोगी २ एमबी आली. तिच्यात नवी पेज टेबलं ठेवून त्याखालचा पट्टा मॅप करायचा, तो मॅप झाला की पावलाचा आकार २५६ पट करायचा, आणि असं उतरत खाली यायचं. सगळं मॅप झालं की मेमब्लॉकची मर्यादा उठते.

आर्म६४ वर वाट वेगळी आहे. तिथे फिक्समॅप नावाची व्हर्च्युअल ॲड्रेसची ठरलेली खिडकी असते. नवं पेज टेबल भरायचं असेल तेव्हा ते त्या खिडकीत तात्पुरतं मॅप करायचं, भरायचं, आणि सोडून द्यायचं.

हे वाचून डोकं गरगरत असेल तर एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्याच्या कर्नलची एक्स८६ आवृत्ती उघडा. तिथे हेच कोडं दोन फंक्शनांत सोडवलं आहे. केइनिट१ सुरुवातीला मॅप केलेल्या पहिल्या ४ एमबीतली मोकळी पेजं यादीत टाकतं, पूर्ण पेज टेबल तयार झालं की केइनिट२ उरलेली टाकतं. अर्ध्या तासात वाचून होतं, आणि मग लिनक्सचा कोड पुष्कळ सोपा वाटतो.

८. बडीकडे सोपवणं, आणि आकडे जुळवणं

सगळी तयारी झाली की मेमब्लॉक_फ्री_ऑल चालतं. ते मेमरी यादीत असलेला आणि रिझर्व्ह्डमध्ये नसलेला प्रत्येक तुकडा शक्य तितक्या मोठ्या गठ्ठ्यांत बडीला देतं. ४ केबीच्या पेजवर सर्वांत मोठा गठ्ठा सहसा ४ एमबीचा असतो. रिझर्व्ह्डमधली पेजं या वेळी बडीकडे जात नाहीत. यानंतर नेहमीचं जग सुरू होतं: बडी, त्याच्यावर स्लॅब, आणि मग आपलं केमॅलॉक.

लॉगमध्ये ‘मेमरी’ या शब्दाने सुरू होणारी, दोन मोठे आकडे तिरप्या रेघेने वेगळे केलेली ओळ शोधा. पहिला आकडा बडीला किती मिळाली तो, दुसरा एकूण. ५१२ एमबीच्या क्यूईएमयूवर माझा दुसरा आकडा ५,२३,७६८ केबी येतो. क्यूईएमयूच्या आवृत्तीप्रमाणे थोडा फरक पडेल, पण तो कुठून आला हे पायरी ३ च्या कागदावरून काढता आलं पाहिजे.

५१२ एमबी म्हणजे ५,२४,२८८ केबी. शेवटची १२८ केबी राखीव, ती गेली: ५,२४,१६०. १ एमबीच्या खालचा पट्टा तूर्त सगळा वजा करू, म्हणजे १,०२४ केबी: ५,२३,१३६. आता खालचा वापरण्याजोगा भाग परत मिळवू. तो ६३९ केबी आहे, पण पेजच्या हद्दीवर कापला की ६३६ उरतात, आणि शून्य क्रमांकाचं पेज कर्नल स्वतःच वगळतो, म्हणजे ६३२. बेरीज ५,२३,७६८. हा आकडा जुळला त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की आता हे मला समजतं आहे.

पहिली १ एमबी राखलेली असूनही खालचे ६३२ केबी एकूण आकड्यात कसे? कारण ती जागा रिझर्व्ह केलेली आहे, रिमूव्ह नाही. हे स्वतः करून बघा. एक्स८६च्या सेटअप_आर्च फंक्शनमध्ये ई८२०__मेमब्लॉक_सेटअप या कॉलच्या लगेच खाली एक ओळ लिहा: मेमब्लॉक_रिझर्व्ह, ॲड्रेस २५६ एमबी, लांबी १६ एमबी. कर्नल बांधून चालवा. एकूण आकडा तोच राहील, पण बडीला मिळालेली मेमरी १६,३८४ केबींनी घटेल. आता त्याच ओळीत रिझर्व्हच्या जागी रिमूव्ह लिहा. या वेळी एकूण आकडाच ५,०७,३८४ होईल, आणि ती १६ एमबी कर्नलच्या पेज टेबलमधल्या थेट मॅपिंगमधूनही गायब होईल.

सोपवणी झाल्यावर मेमब्लॉक_फ्री वापरण्याआधी तुमच्या आवृत्तीचा कोड वाचा. बऱ्याच आवृत्त्यांत ते फक्त यादीतली नोंद खोडतं, आणि ती यादी आता कुणी बघत नसतं. मेमरी बडीकडे न जाता हरवते. एक्स८६वर तर बूट संपल्यावर बहुधा या याद्याही टाकून दिल्या जातात. आर्म६४ त्या जपून ठेवतो, त्यामुळे तिथे डीबगएफएस या डीबगसाठीच्या फाइलसिस्टिममधल्या मेमब्लॉक फोल्डरमध्ये मेमरी आणि रिझर्व्ह्ड अशा दोन फाइली चालू मशीनवरही वाचता येतात. एक्स८६वर हे फोल्डर दिसलं नाही तर कॉन्फिग चुकली असं समजून दिवस घालवू नका.

९. जीडीबीने आत डोकावा

क्यूईएमयूला छोटा एस आणि मोठा एस हे दोन्ही पर्याय द्या. पहिला जीडीबीसाठी पोर्ट उघडतो, दुसरा प्रोसेसरला पहिल्या सूचनेवरच थांबवून ठेवतो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये जीडीबीला व्हीएमलिनक्स फाइल देऊन जोडा. साधा ब्रेकपॉइंट (कोड थांबवण्याची खूण) इथे चालत नाही, कारण कर्नल अजून त्याच्या जागी आलेलाच नसतो आणि येताना तुमचा ब्रेकपॉइंट पुसून टाकतो. एचब्रेक ही हार्डवेअर ब्रेकपॉइंटची आज्ञा वापरा.

एक ब्रेकपॉइंट स्टार्ट_कर्नलवर ठेवा, दुसरा मेमब्लॉक_फ्री_ऑलवर. दोन्ही ठिकाणी थांबून मेमब्लॉक हे व्हेरिएबल छापा. पहिल्या वेळी दोन्ही याद्या जवळजवळ कोऱ्या असतील. दुसऱ्या वेळी रिझर्व्ह्डमधल्या नोंदी एकेक करून कागदावर उतरवा आणि प्रत्येकीसमोर तिचा मालक लिहा: ही कर्नल इमेज, ही पहिली एमबी, हे स्ट्रक्ट पेज, हे सीपीयूंचे डेटा. मालक ओळखू येत नसेल तर त्या ॲड्रेसने डीबग लॉगमध्ये शोधा, मागणाऱ्या फंक्शनचं नाव तिथे मिळेल.

क्यूईएमयूची एवढी मांडणी नको असेल तर कर्नल सोर्सच्या टूल्स फोल्डरमध्ये टेस्टिंग, आणि त्यात मेमब्लॉक नावाचं फोल्डर आहे. तिथे मेमब्लॉकचाच कोड साध्या प्रोग्रॅमसारखा बांधून चालवता येतो. मेक करा, तयार झालेली मेन फाइल चालवा, आणि मग त्यातली एखादी टेस्ट बदलून मुद्दाम मोडा. दोन आरक्षणं एकमेकांवर आली, किंवा अगदी चिकटून आली, तर याद्या कशा जुळतात हे तिथे सेकंदात दिसतं.